मित्राच्या नावाचं पान : अर्पणपत्रिकांमागच्या गोष्टी सांगा

केळीचं_पान (रावेर)

पुस्तक हातात आलं की मी आधी अर्पणपत्रिका बघतो. प्रस्तावना-बिस्तावना नंतर. आई-वडिलांच्या चरणी, सद्गुरूंच्या चरणी, 'जिने माझा संसार सांभाळला तिला' हे सगळं आपल्याला पाठ आहे. त्यात वाईट काही नाही. पण मधूनच एखादं पुस्तक मित्राला अर्पण केलेलं सापडतं आणि तिथं मी अडकतो. आई-बापाला पुस्तक का दिलं हे कुणी विचारत नाही. मित्राला का दिलं, हे विचारावंसं वाटतं. काहीतरी घडलेलं असतं. उसने पैसे, जेल, आजारपण, भांडण, काहीतरी.

तर धागा त्यासाठी. लेखकांनी मित्रांना, मैत्रिणींना अर्पण केलेली पुस्तकं आणि त्यामागची हकिकत. नुसतं नाव नको. नवरा-बायको, आई-बाप, गुरू वगळून.

पहिली माझ्याकडून. मार्क्सचं 'भांडवल', पहिला खंड, १८६७. हे पुस्तक कुणाला अर्पण केलं असेल असं विचारलं तर कुणीही एंगल्सचं नाव घेईल. घ्यावंच. मार्क्सचं घर चालावं म्हणून त्या माणसाने मँचेस्टरच्या सुताच्या कंपनीत नावडती नोकरी वर्षानुवर्षं रेटली. (मँचेस्टर आपल्याला परकं नाही. १८६१ ला अमेरिकेत यादवी पेटली आणि तिकडचा कापूस बंद झाला, तेव्हा खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला तो याच गिरण्यांमुळे.) तरी पुस्तक अर्पण आहे विल्हेल्म वोल्फला.

हा वोल्फ सिलेशियातल्या गरीब शेतकऱ्याचा पोरगा. मास्तरकी, पत्रकारी, मग १८४८ च्या क्रांतीत उडी आणि नंतर देशोधडी. मँचेस्टरला येऊन शिकवण्या घ्यायचा. लग्न नाही, मूलबाळ नाही. १८६४ च्या मे महिन्यात वारला. मृत्युपत्र उघडलं तर पै-पै करून साठवलेली बहुतेक पुंजी, आठशे पौंडांच्या आसपास, मार्क्सच्या नावावर. शिकवण्यांच्या फीमधून साठवलेले पैसे हो! अर्पणपत्रिकेत मार्क्सने त्याला कधीही न विसरता येणारा मित्र म्हटलंय, शूर, निष्ठावान म्हटलंय, खाली जन्माचं गाव-तारीख आणि मृत्यूचं गाव-तारीख. पैशाबद्दल एक अक्षर नाही.

एंगल्सला वाईट वाटलं असेल का? मला नाही वाटत. वोल्फ दोघांचाही जिवलग होता.

भरीतपार्टी (जळगाव)

विषय झकास. वाचनखूण साठवली.

आपल्या भागातलं सांगायचं तर सांगवीच्या नेमाड्यांचं 'कोसला' आठवलं. १९६३ चं पहिलं पुस्तक, आणि अर्पण कुणाला, तर शंभरातल्या नव्व्याण्णवांना. आता सांगा, यात मित्र धरायचे का नाही? पुस्तकभर होस्टेल आणि होस्टेलातली पोरं, म्हणजे मित्र असणारच. आणि तो शंभरावा कोण, यावर आमच्या कट्ट्यावर एकदा रात्री अकरापर्यंत वाद झाला होता. भरीत थंड झालं.

केळीचं_पान (रावेर)

@भरीतपार्टी, धरू या. पण गोष्ट पाहिजे भाऊ, भरीत नको.

तापीकाठची (भुसावळ)

'छोटा राजपुत्र' कुणी आणलं नाही अजून म्हणून मीच आणते. सेंट एक्झुपेरीने ते लेओन वेर्थ नावाच्या मित्राला अर्पण केलंय, आणि अर्पणपत्रिका म्हणजे एक छोटं माफीपत्रच आहे. मुलांनो, हे पुस्तक मी एका मोठ्या माणसाला देतोय, रागावू नका, असं म्हणून तो कारणं देत जातो. एक, हा माझा जगातला सगळ्यात चांगला मित्र आहे. दुसरं, त्याला सगळं कळतं, मुलांची पुस्तकंसुद्धा. तिसरं, तो फ्रान्समध्ये आहे, उपाशी आहे, थंडीने गारठलाय, त्याला धीर हवा आहे. आणि हेही पुरत नसेल तर हे पुस्तक त्या मोठ्या माणसाच्या लहानपणाला देतो, असं म्हणून शेवटी ओळ दुरुस्त करतो: लेओन वेर्थला, तो लहान मुलगा होता तेव्हाच्या.

लहानपणी वाचताना हे सगळं गमतीचं वाटतं. तिसरं कारण गमतीचं नाही. पुस्तक १९४३ ला न्यूयॉर्कमध्ये निघालं. लेखक अमेरिकेत सुखरूप, आणि मित्र ज्यू, जर्मनांच्या टाचेखालच्या फ्रान्समध्ये, डोंगराळ भागातल्या एका गावात जीव मुठीत धरून राहिलेला. वेर्थ एक्झुपेरीपेक्षा बावीस वर्षांनी मोठा. म्हणजे त्याला 'लहान मुलगा' म्हणणारा हा स्वतः तेव्हा जन्मलेलाही नव्हता.

पुढचं उलटंच झालं. ज्याची काळजी होती तो वेर्थ वाचला, १९५५ पर्यंत जगला. काळजी करणारा परत विमानदलात गेला आणि ३१ जुलै १९४४ ला उड्डाण केलं ते परतलाच नाही. फ्रान्समध्ये पुस्तक निघालं १९४६ ला.

निवृत्त_मास्तर (अमळनेर)

ताई, फार सुंदर सांगितलंत. मुलांना हा भाग वर्गात वाचून दाखवायला हवा होता, राहून गेलं.

जेलचा विषय निघालाय तर दोन गोष्टी. पंडित नेहरूंचं 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' अर्पण आहे ते अहमदनगरच्या किल्ल्यातल्या सोबत्यांना. ९ ऑगस्ट १९४२ ते २८ मार्च १९४५ अशा तारखा अर्पणपत्रिकेतच आहेत. सहकारी आणि सहबंदी असे शब्द. त्यांत वल्लभभाई, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव अशी मंडळी. एकेका विषयातला दर्दी माणूस शेजारच्या कोठडीत, पुस्तक लिहिताना अडलं की विचारायला उठून जायचं. असं ग्रंथालय कुणाला मिळणार? आणि त्याच किल्ल्यात मौलाना पहाटे उठून चहा करायचे आणि आपल्या शेरवानी नावाच्या मित्राला पत्रं लिहायचे. टपालात टाकायची परवानगी नाही, तरी लिहायचे. ती पत्रं १९४६ ला 'गुबार-ए-खातिर' म्हणून छापली गेली. इथं अर्पणपत्रिकेची गरजच उरली नाही, अख्खं पुस्तकच मित्राला.

दुसरी आपल्या धुळ्याची. १९३२ साली धुळे जेलमध्ये विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत. अठरा अध्याय, अठरा प्रवचनं. ते लिहून घेणारे कोण, तर साने गुरुजी. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलची नोकरी सोडून सत्याग्रहात आलेले. 'गीता प्रवचने' आज जगभर जाते ती गुरुजींच्या हातातून गेलेली. तेव्हाच्या जेलमधल्या कागद-शाईची कल्पना करा आणि बोलणाऱ्याच्या वेगाने लिहिणं करून बघा. हे केळीचं_पान यांच्या नियमात बसत नाही, मला मान्य आहे. तरी लिहिलं.

हरकती_नोंदवा (नंदुरबार)

सगळे हळवे झालेत म्हणून जरा खडा टाकतो. मला मित्राला केलेली अर्पणपत्रिका पुष्कळदा फुकटातली परतफेड वाटते. मानधन नाही, मुखपृष्ठावर नाव नाही, घे एक ओळ.

उदाहरण देतो. ट्रुमन कपोटी आणि हार्पर ली. अलाबामातल्या मनरोव्हिल गावात दोघं लहानपणीचे शेजारी. तिच्या 'टू किल अ मॉकिंगबर्ड'मधला डिल म्हणजे लहानगा कपोटीच. १९५९ च्या अखेरीस कॅन्ससमध्ये एका शेतकरी कुटुंबाचा खून झाला. कपोटी तिथं निघाला आणि हिला बरोबर घेऊन गेला. त्याचे ते कपडे, ते बोलणं बघून गावातली माणसं दार लावून घ्यायची. ही बायकांशी स्वयंपाकघरात बसून बोलायची. रात्री हॉटेलवर येऊन टिपणं काढायची. दीडशेच्या आसपास टाइप केलेली पानं तिने त्याला दिली. १९६६ ला 'इन कोल्ड ब्लड' निघालं, लाखांनी खपलं. आणि तिला मिळालं काय? अर्पणपत्रिका, तीही अर्धी. दुसरं नाव त्याच्या जोडीदाराचं, जॅक डनफीचं. 'प्रेमाने आणि कृतज्ञतेने' असं लिहिलंय खरं. पण संशोधनात हिचा हात किती, याचा पुस्तकात पत्ता नाही. तिला ते लागलं, असं तिच्या चरित्रात आलंय.

आता सांगा, त्या ओळीला काय चाटायचंय?

चोपडा_ते_पुणे

@हरकती_नोंदवा, पॉइंट आहे. पण प्रत्येक वेळी तसं नसतं.

स्टाइनबेकचं 'ईस्ट ऑफ ईडन' (१९५२) घ्या. अर्पण पास्कल कोविचीला. हा त्याचा संपादक, पण त्याआधी मित्र. स्टाइनबेकला कुणी विचारत नव्हतं तेव्हा कोविचीने त्याला छापलं, पुढे कोविचीचं स्वतःचं दुकान बुडालं आणि तो दुसऱ्या प्रकाशनात गेला, तर स्टाइनबेक त्याच्या मागोमाग तिथं. ही कादंबरी त्याने मोठ्या वहीत पेन्सिलीने लिहिली. उजव्या पानावर कादंबरी. डाव्या पानावर रोज सकाळी कोविचीला पत्र: आज हात चालत नाही, पेन्सिली कुठल्या चांगल्या, पोरं कशी आहेत, आजच्या प्रकरणात काय होणार. हात मोकळा करायला आधी पत्र, मग उजवं पान. ती पत्रंसुद्धा पुढे १९६९ ला वेगळी छापली गेली.

आणि अर्पणपत्रिका? लेखकाला सुतारकामाचा नाद. तू मला लाकूड कोरताना पाहिलंस आणि म्हणालास, माझ्यासाठी काहीतरी कर. काय करू, विचारलं तर म्हणालास पेटी. कशाला, तर वस्तू ठेवायला. कुठल्या, तर तुझ्याजवळ असतील त्या. घे ही पेटी, माझ्याजवळचं जवळजवळ सगळं तिच्यात आहे, तरी भरलेली नाही. असा साधारण मजकूर. आणि ही नुसती शब्दांची पेटी नाही. त्याने खरोखर लाकडाची पेटी कोरली आणि हस्तलिखित तिच्यात घालून मित्राला दिलं.

जाता जाता एक हलकं. हॅरी पॉटरचं दुसरं पुस्तक (१९९८) रोलिंगबाईंनी शॉन हॅरिस नावाच्या शाळेतल्या मित्राला दिलंय. त्याच्याकडे निळसर-हिरवी फोर्ड अँग्लिया होती. त्या आडगावातून तिला बाहेर फिरवून आणणारी गाडी तीच. पुस्तकात पोरांना सोडवायला उडत येते ती गाडी कुठली, बघा. आमच्या ग्रूपमध्ये हा मान एका लूनाला जाईल. चोपड्याहून यावलला तिघं बसून गेलोय.

भरीतपार्टी (जळगाव)

लूनावर तिघं! ती लूना लेखकापेक्षा थोर.

डीटीपीवाला (धुळे)

मी पुस्तकं वाचत नाही, जुळवतो. आमच्याकडे बहुतेक स्वखर्चाची पुस्तकं येतात. कवितासंग्रह, आत्मचरित्रं, अहिराणी म्हणी, एखादा पीएच.डी.चा प्रबंध. म्हणून आतली बाजू सांगतो.

अर्पणपत्रिका उजव्या पानावर येते, मागचं पान कोरं सोडायचं. म्हणजे एका ओळीला दोन पानं लागतात. आता पुस्तक सोळा पानांच्या फॉर्ममध्ये बसवायचं असतं. ८०, ९६, ११२ असं. कविता भरपूर आणि पान शिल्लक नाही अशी वेळ आली, की लेखक सगळ्यात आधी काय काढतो? कविता नाही काढत. म्हणतो, अर्पण आणि ऋणनिर्देश एकाच पानावर घ्या. मग वर मित्राचं नाव आणि खाली टाइपसेटिंगवाल्यापासून तहसीलदारापर्यंत सगळ्यांचे आभार. मित्र गेला गर्दीत.

दुसरं. सगळ्यात जास्त बदल याच पानावर होतात. एकजण आले होते, दोस्ताच्या नावाने चार ओळी, त्याही सुंदर. पहिल्या प्रुफाला चार ओळी. दुसऱ्या प्रुफाला दोन. तिसऱ्याला नुसतं नाव. मी काही विचारलं नाही, आम्ही विचारत नसतो. प्लेट काढायच्या दिवशी फोन आला, "ते नाव काढा, तिथं आईचं टाका." आईचं टाकलं. नंतर कळलं, मधल्या काळात ग्रामपंचायतीची निवडणूक होऊन गेली होती. दोघं दोन पॅनेलमध्ये.

हरकती_नोंदवा (नंदुरबार)

याला म्हणतात पुरावा.

निवृत्त_मास्तर (अमळनेर)

डीटीपीवाले, तुमचा प्रतिसाद या धाग्यातला सर्वात उत्तम आहे आणि तुम्ही म्हणता वाचत नाही!

हरकतींना उत्तर म्हणून एक उलटं उदाहरण. १९२३ साल. काझी नझरूल इस्लाम राजद्रोहाखाली तुरुंगात. रवींद्रनाथांनी आपलं 'वसंत' हे गीतिनाट्य त्यांना अर्पण केलं आणि प्रत एका साहित्यिकाच्या हाती अलीपूरच्या जेलात पाठवली. तेव्हा रवींद्रनाथ नोबेल मिळालेले, साठी ओलांडलेले, नझरूल तेवीस-चोवीस वर्षांचा पोरगा. रवींद्रनाथांच्या भोवतालच्या बऱ्याच जणांना हे आवडलं नव्हतं. सरकारने ज्याला गुन्हेगार ठरवलं त्याला त्यांनी छापील पानावर कवी म्हटलं. पुढे नझरूलने जेलात उपोषण धरलं, तेव्हा उपोषण सोड, आपल्या साहित्याला तू हवा आहेस, अशी तार रवींद्रनाथांनी केली. ती पत्त्यावर माणूस नाही म्हणून परत आली. १९२८ ला नझरूलने आपला 'संचिता' हा संग्रह रवींद्रनाथांना अर्पण केला. यात फुकटातलं काय?

हरकती_नोंदवा (नंदुरबार)

मास्तर, हे मान्य. तिथं ओळीला किंमत मोजावी लागत होती. पण मेलव्हिलचं बघा. १८५० ला हॉथॉर्नशी ओळख, भारावून गेला, वर्षभरात 'मोबी डिक' त्याला अर्पण. पुस्तक पडलं, आणि दोघांचं येणंजाणंही पुढे विरळ झालं. घाई करू नये एवढंच म्हणणं.

तापीकाठची (भुसावळ)

परत आले. सगळ्यांनी पुरुषांच्याच गोष्टी सांगितल्या, लक्षात आलं का? मैत्रिणीने मैत्रिणीला दिलेलं पुस्तक शोधून बघा, दमाल. कारण साधं आहे. मैत्रीण लग्न होऊन जाते आणि नाव बदलतं.

आमच्या एका नातेवाईक बाईंनी यावलकडच्या जात्यावरच्या ओव्या जमवून लहानसं पुस्तक काढलं. निम्म्या ओव्या त्यांच्या शाळेतल्या मैत्रिणीने सांगितलेल्या. तिच्या आजीकडून आलेल्या. अर्पण तिलाच करायचं ठरलं. पण नाव काय छापायचं? सासरचं छापलं तर ओव्या सांगितल्या त्या मुलीचा पत्ता लागत नाही, आणि माहेरचं छापलं तर सासरच्यांना काय वाटेल. वर लग्नात पहिलं नावही बदललेलं. शेवटी बाईंनी शाळेच्या हजेरीपटावर होतं ते नाव छापलं, आडनावासकट. प्रत घेऊन गेल्या. घरातल्या लेकाने पान उघडलं, मोठ्याने वाचलं आणि विचारलं, "मम्मी, ही कोण?" ती पोळ्या लाटत होती. "मी," म्हणाली आणि पोळी उलटली.

आणि @केळीचं_पान, नवरा-बायको वगळायचा नियम मला पटलेला नाही. बाबासाहेबांचं पाकिस्तानवरचं पुस्तक (१९४०) 'रामू'च्या स्मृतीस आहे, रमाबाई तेव्हा जाऊन पाच वर्षं झालेली. त्यात त्यांच्या चांगुलपणाबद्दल आहेच, पण पुढे असं आहे की मित्र कुणी उरले नव्हते, ओढग्रस्त होती, त्या दिवसांत ती शांतपणे माझ्याबरोबर सोसत राहिली. मित्र नव्हते तेव्हा जी होती, तिला काय म्हणायचं?

केळीचं_पान (रावेर)

ताई, नियम मागे घेतला. घरी दाखवू नका कुणी हा धागा.

जिभाऊ (पारोळा)

मी काय म्हनस भाऊ हो, मन्हा दोस्त चहावाला व्हता. तेन्हा हाटेलमा बशीसन मी बठ्ठ्या कविता लिख्यात. पुस्तक छापानी येळ उनी तव्हय तेले सांगं, नाव तुन्हं टाकस. तो म्हने, "टाकू नको रे बाप्पा, बठ्ठा कवी उधारी मांगाले येतीन."

तरी टाकं. आनि उनात भी!

(खालचं शुद्ध मराठीत लिहितो, पोरं म्हणतात कळत नाही.) त्याची वही होती उधारीची. माझं खातं त्यात शेवटपर्यंत होतं. पुस्तक दिलं तर त्याने पहिल्या पानावर माझ्याकडून सही घेतली, गल्ल्यावर गणपतीच्या फोटोशेजारी उभं केलं, आणि खातं काही बंद केलं नाही. म्हणाला, पुस्तक वेगळं, चहा वेगळा.

भरीतपार्टी (जळगाव)

जिभाऊ __/\__

चोपडा_ते_पुणे

काफ्का राहिला. त्याचं पहिलं पुस्तक १९१२ च्या अखेरीस आलं, अर्पण फक्त दोन अक्षरांत: मा. ब्रो. साठी. म्हणजे माक्स ब्रोड. काफ्काला छापायला लावणारा, प्रकाशकाच्या दारात नेऊन उभा करणारा हाच. १९२४ ला काफ्का गेला. मागे लिहून ठेवलेलं, उरलेले कागद न वाचता जाळून टाक. ब्रोडने जाळले नाहीत, आणि पुढच्याच वर्षी 'द ट्रायल' छापली. म्हणजे मित्राने ऐकलं असतं तर आपल्याला ते नावही माहीत नसतं. चांगला मित्र का वाईट, ठरवा.

नवखा_कवी (चाळीसगाव)

नमस्कार. इथं वाचनमात्र असतो, पहिल्यांदाच लिहितोय. माझी खरीखुरी अडचण आहे.

माझा कवितासंग्रह छपाईला चाललाय. सुरुवातीच्या कविता मी एका मित्रामुळे लिहिल्या. तो जिनिंगमध्ये वजनकाट्यावर होता. कापसाच्या गाड्यांच्या काटा-पावत्या चुकल्या की फेकून देत, तो त्या जमवून मला आणून द्यायचा. पाठकोऱ्या. एका बाजूला भरलेलं वजन, रिकामं वजन, गाडी नंबर, आणि मागे माझी कविता. ती गठडी अजून आहे. कधी म्हणाला नाही की छान लिहितोस. गठ्ठा संपला का, एवढंच विचारायचा.

आता शेताच्या बांधावरून आमच्या दोन्ही घरांचं बिनसलंय. मोजणी झाली, तरी मिटलं नाही. तो बोलत नाही. अर्पण त्यालाच करावं असं मनात आहे. पण लोक म्हणतील बांधासाठी लोणी लावतोय. आणि त्याला काय वाटेल ते तर कळतच नाही. काय करू?

हरकती_नोंदवा (नंदुरबार)

करू नका. तुमच्यासाठी नाही म्हणत, त्याच्यासाठी म्हणतो. न विचारता एखाद्याचं नाव पुस्तकावर टाकलं की त्याला नाही म्हणायची सोय राहत नाही. भांडायचा त्याचा हक्क आहे तो असा काढून घेऊ नये.

तापीकाठची (भुसावळ)

पहिल्यांदाच हरकतींशी सहमत. विचारा. स्वतः जाऊ नका, मधला कुणी असेल तर त्याला पाठवा. आणि 'परममित्र', 'सुहृद', 'जिवाभावाचा सखा' असलं काही लिहू नका. ती काटा-पावती लिहा.

निवृत्त_मास्तर (अमळनेर)

ताईंना अनुमोदन. माझ्या मते चांगल्या अर्पणपत्रिकेत विशेषण नसतं, वस्तू असते. वर आलेल्या बघा: पेटी, गाडी, थंडी. मार्क्सने विशेषणं वापरली, पण तो जर्मन होता, सोडून देऊ.

एक वेगळा मुद्दा. टी. एस. एलियटची 'द वेस्ट लँड' एझ्रा पाउंडला अर्पण आहे ते सगळ्यांना ठाऊक असतं. पण १९२२ च्या पहिल्या आवृत्तीत ती ओळ नाही. आधी एलियटने पाउंडला दिलेल्या प्रतीवर हाताने लिहिली, छापली १९२५ ला. का दिली? पाउंडने त्या कवितेवर पेन्सिल चालवून ती जवळपास निम्मी करून टाकली होती. कवीची स्तुती करून नाही, त्याच्या ओळी खोडून त्याने ती ओळ मिळवली. सांगायचं एवढंच की घाई नाही. पहिल्या आवृत्तीत राहिलं तर दुसऱ्या आवृत्तीत टाकता येतं.

डीटीपीवाला (धुळे)

मास्तर, कवितासंग्रहाची दुसरी आवृत्ती?

निवृत्त_मास्तर (अमळनेर)

खरं आहे. मागे घेतो.

जिभाऊ (पारोळा)

नवखा भाऊ, बांधानं भांडण पिढ्यान् पिढ्या चालस, तेले घाई नही. तू इचार तेले. नही म्हना ते नही. आनि संग्रहन्या दोन प्रती मले. पैसा दिसू, फुकट नही लेवाव.

नवखा_कवी (चाळीसगाव)

सर्वांचे आभार. आमच्या दोघांच्या वर्गातला एकजण एसटीत कंडक्टर आहे, त्याला पाठवलं. निरोप आला तो जसाच्या तसा देतो: "नाव टाकायचं तर टाक. पण मित्र-बित्र लिहू नको. बांधाचं कोर्टात बघू."

मग असं केलंय. नाव, आणि खाली एक ओळ: 'काट्यावरून पाठकोरे कागद आणून दिले.' बस. बरोबर वाटतंय का?

तापीकाठची (भुसावळ)

एक अक्षर बदलू नका.

हरकती_नोंदवा (नंदुरबार)

हरकत नाही. (हे मी या आयडीवरून पहिल्यांदाच लिहितोय.)

केळीचं_पान (रावेर)

कव्हरवर ती पावती छापता येईल का? स्कॅन करून? गाडी नंबर तेवढा झाका.

नवखा_कवी (चाळीसगाव)

कव्हर झालंय दादा, सूर्यफूल आहे. आता बदलायचं तर खर्च वाढतो. डीटीपीवाले दादा, फाईल तुम्हालाच पाठवली आहे, मीच तो.

डीटीपीवाला (धुळे)

आलीय फाईल, आत्ता बघतोय. अर्पणपत्रिका उजवीकडे स्वतंत्र घेतली, मागे कोरं. त्यामुळे पानं ९८ झाली. ९६ वर आणावी लागतील, नाहीतर नवा फॉर्म उघडून चौदा पानं वाया. ऋणनिर्देशाला हात लावत नाही, त्यात आमचं नाव आहे. दोन पानांची एक कविता काढा, ४१ नंबरची पावसावरची चालेल का? पाऊस आधीच सहा कवितांत आहे. उद्या दुपारपर्यंत कळवा, संध्याकाळी प्लेट जाते.